टपावरची झडप

थोरल्या दिरांनी लिलावातली जुनी बस दारात आणून उभी केली तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की माणसानं जिथं निजायचं त्याला चाकं नसावीत. पण मी धाकटी सून. आमच्या घरात धाकट्या सुनेला विचारायची गोष्ट एकच, भात झाला का.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. थोरले दीर, म्हणजे अण्णा, बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डर होते. बारा वर्षं वाळूचे साचे केले, मग कुणाशी तरी भांडून नोकरी सोडली आणि ही बस घेतली. आतली बाकडी काढून टाकली. मागच्या बाजूला स्वैपाकाचा ओटा, पुढं दोन्ही अंगांना निजायच्या फळ्या, आणि ओट्याजवळच्या खिडकीला वर उचलायचं पत्र्याचं झाकण, म्हणजे गिऱ्हाइकाला तिथनं चहा-नाष्टा देता यावा. आठवड्यातले चार दिवस आम्ही उद्यमबागेत कारखान्यांच्या गेटापुढं असायचो, दोन दिवस निपाणीला तंबाखूच्या वखारींपाशी आणि रविवारी घरी, सासूबाईंपाशी. आमचे हे बस चालवायचे. अण्णा बाहेर उभं राहून गिऱ्हाईक बघायचे. आत मी, दोन शेगड्या आणि माझी दोन वर्षांची मुलगी. 'फिरतं घर' म्हणून अण्णा गावभर मिरवायचे. घर त्यांचं, फिरणं त्यांचं, खरकटी भांडी माझी.

थोरल्या दिराशी सुनेनं थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. मोठ्या घरात हे जमतं. एक सोप्यात, एक माजघरात, दिवसभरात गाठ पडते ती दोनदा. पण सात फूट रुंदीच्या बसमध्ये? मी पदर सावरत पोहे परतायची आणि बोलायचं झालं तर पोरीला पुढं करायची. "बाळ, अण्णांना विचार, चहा किती?" अण्णा पोरीकडं बघून म्हणायचे, "बाळ, आईला सांग, सहा." पोरगी अंगठा चोखत एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायची.

महत्त्वाचं काही असलं तर ते ह्यांच्यामार्फत जायचं. आणि आमचे हे म्हणजे मऊ भात. माझं बोलणं ह्यांच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यातलं मीठ-तिखट निघून गेलेलं असायचं. मला त्याचा संताप यायचा, पण नवरा भांडकुदळ नाही म्हणून चार बायका माझा हेवाही करायच्या. तेव्हा मीही गप्प बसायची.

शेगड्यांच्या वर बसच्या टपाला भोक पाडून पत्र्याचं धुराडं बसवलं होतं. पाऊस आत येऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशी एक झडप होती, बिजागरीवर लोंबणारी. आतली गरम हवा वर गेली की ती उघडायची, नाहीतर मिटायची. कल्पना चांगली होती. पण गाडी सुरू झाली की ती झडप जी खडखडायची, ती निपाणीपासून बेळगावपर्यंत थांबायची नाही. तवंदीच्या घाटात तर ह्यांना हॉर्न वाजवायची गरज पडत नव्हती. गाडी उभी असली आणि वारं सुटलं तरी तेच. खोटं कशाला बोलू, पहिली तक्रार माझीच. "बाळ, अण्णांना सांग, ती झडप डोकं उठवतीया, तेवढी बघा म्हणावं."

झालं. अण्णांनी ते मनावर घेतलं. आधी तारेनं बांधली, ती तार घाटात तुटली. मग कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली. शेगडीच्या धगीनं रबर वितळलं आणि त्याचा वास उप्पीटात उतरला. एका गिऱ्हाइकानं पहिला घास तिथंच थुंकला आणि शिव्या मात्र मला बसल्या. हे म्हणाले, "अण्णा, झडपेला खालनं थोडं वजन बांधूया. वाजायची न्हाय आणि हवेनं उघडंल बी." साधी गोष्ट होती आणि बरोबर होती. अण्णा म्हणाले, "तू डायवर हाईस न्हवं? गाडी चालीव."

मग एका रविवारी ते जुन्या दोस्तांकडून भट्टीला लिंपायची माती आणि जाड दोरी घेऊन आले. टपावर चढून झडपेच्या चारी कडांना दोरी ठासली आणि वरून मातीचा लेप दिला. झडप कायमची बंद. हे खालून म्हणाले, "अण्णा, धूर कुठनं जाईल?" आम्ही शेगडीत फौंड्रीतला कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, जाळायचो. तिथं चुरा पडून असायचा, तो अण्णा पोत्यानं आणायचे. अण्णा वरूनच हसले. "कोकला धूर कुठं असतोय रं? धूरच न्हाय तर धुराडं कशाला पायजे?"

आणि खरंच, धूर नव्हता. आवाजही नव्हता. पहिल्या दिवशी मीसुद्धा खूश होते.

आषाढ होता. बेळगावचा पाऊस आडवा येतो, त्यामुळे खिडक्या सगळ्या लावलेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझं डोकं ठणकायला लागलं. लाटणं हातात धरून मी उभी असायची आणि पोळी कुठवर आली ते कळायचं नाही. मी ह्यांना सांगितलं, "ती झडप मोकळी करा. आत मला गुदमरतंय." ह्यांनी माझ्यादेखत अण्णांना सांगितलं, "अण्णा, तिला जरा उकडतंय म्हणं." अण्णा पोरीला म्हणाले, "बाळ, आईला सांग, चुलीपुढं उकडायचंच."

दोन दिवसांनी मी पुन्हा ह्यांना गाठलं. म्हटलं, "पोरगी दुपारची निजली की उठवून उठत नाही. हाका मारून मारून दमते मी. मला भीती वाटते, अण्णांना सांगा." ह्यांनी मान हलवली. संध्याकाळी चहा पिता पिता सांगितलंही. "अण्णा, पोरगी अलीकडं बरी झोपतीया."

"आवाज बंद झाला न्हवं, म्हणून," अण्णा म्हणाले, आणि बिडी पेटवली.

मी तिथंच शेगडीतला निखारा उचलून कुणाच्या तरी अंगावर टाकायला हवा होता. टाकला नाही. भांडी घासली.

पुढच्या आठवड्यात, पहिल्या पाळीच्या वेळेला, आम्ही उद्यमबागेत नेहमीच्या गेटापुढं उभे होतो. पाऊस जोरात होता. हे पाणी भरायला घागरी घेऊन गेले होते. खिडकीचं झाकण अजून बंद होतं, त्याची कडी बाहेरून. अण्णा बाहेर त्या झाकणाला पाठ लावून, छत्री धरून, कामगार यायची वाट बघत होते. आत मी दोन्ही शेगड्या फुलवल्या होत्या. पोहे भिजवायला म्हणून वळले आणि पाय गेले. खालीच बसले. पायांत बळ म्हणून नव्हतं. पोरगी फळीवर झोपली होती, तिचा हात खाली लोंबत होता. मी तो ओढला. सोडला तर तसाच पडला.

अण्णा माझ्यापासून हातभर अंतरावर होते, मध्ये एक पत्रा. आणि मी काय म्हणाले? मी त्या निपचित पोरीला म्हणाले, "बाळ, अण्णांना सांग, खिडकी उघडा म्हणावं."

बाहेरून अण्णांचा आवाज आला, "बाळ, आईला सांग, पाऊस आत येतोय. दम धर म्हणावं."

मी परत तेच म्हणाले. पोरीचं तोंड उघडं होतं आणि ओठांचा रंग बदलला होता, हे मला दिसत होतं, तरी मी परत तिलाच सांगितलं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते कुणाच्या मार्फत नव्हतं. "अण्णा, पोरगी मरतीया, उघडा!"

कडी अण्णांनी काढली नाही. फौंड्रीच्या भट्टीवर काम करणारा एक म्हातारा तोवर खिडकीपाशी आला होता, त्यानं काढली. आत डोकावून त्यानं एक श्वास घेतला आणि म्हणाला, "ग्यास लागलाय." पुढच्या दारातून आत शिरून त्यानं पोरीला उचललं आणि पावसात, उघड्यावर नेऊन धरलं. मला दोन कामगारांनी बखोटीला धरून बाहेर काढलं. थोड्या वेळानं पोरीनं ओकारी काढली आणि मग रडली. तिचं ते रडणं ऐकून मी चिखलातच बसले. नंतर तिला टिळकवाडीतल्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्याकडं आणायची गरज नव्हती.

म्हाताऱ्यानं टपावर बघितलं आणि विचारलं, "माती कुणी लिंपली?" सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. त्याला कळलं. "अण्णा, तू मोल्डर न्हवं?" तो म्हणाला. "साच्याला तारेनं भोकं पाडत हुतास ती कशाला? ग्यास जायाला न्हवं? लोखंडाची काळजी आणि घरच्या पोरीची न्हाय?" मग त्यानंच वर चढून पहारीनं सगळी माती फोडली.

तुम्हाला वाटेल अण्णा खाली मान घालून उभे राहिले असतील. घरी पोचल्यावर त्यांनी सासूबाईंना सांगितलं ते असं, की धाकटीनं डोक्यावर पदर नसताना, गेटावरच्या परक्या पुरुषांत, थोरल्या दिराला नावानिशी हाक मारल्यासारखं ओरडून बोलावलं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पोरीचं काय झालं ते त्यांनी नंतर विचारलं. त्याच बैठकीत अण्णा ह्यांना म्हणाले, "झडप पुन्हा वाजायला लागलीया. ह्या खेपेला अर्धी लिंपू."

हे मला आत येऊन म्हणाले, "पाया पड आणि विषय मिटव."

मी सोप्यात आले. पोरगी कडेवर, पदर डोक्यावर. वाकले, अण्णांच्या पायांना हात लावला आणि तिथूनच, त्यांच्याशी, थेट बोलले. "पाया पडते. पण पुन्हा त्या झडपेला हात लावलात तर हात मोडून ठेवीन."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. ह्यांच्याकडं बघून विचारलं, "काय म्हणतीया ती?"

ह्यांनी घसा साफ केला. "पाया पडते म्हणतीया," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला घेऊन माहेरी गेले. परत आले ती सहा महिन्यांनी, बस विकल्याचा निरोप आल्यावर. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मयताला मी उभी होते, रडले नाही. त्यांच्यावरचा माझा राग सरळ होता, तो त्यांच्याबरोबर जळून गेला. ह्यांच्याबरोबर मी अजून राहते. सकाळी चहा देते, रात्रीच्या गोळ्या देते. चांगला माणूस आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण अण्णांनी माझं बोलणं कधी ऐकलंच नव्हतं. ह्यांनी ऐकलं होतं.