दोन मिनिटांची इटली

आमची इटली मेहकरच्या पेट्रोल पंपासमोर सुरू झाली. सकाळी तिथे एक बस उभी होती आणि तिच्या पोटात चिवडा, लोणचं, शेंगदाण्याची चटणी यांचे इतके डबे गेले होते की शेवटच्या दोन बॅगा मांडीवर घ्याव्या लागल्या. निरोपाला आलेल्यांची गर्दी जाणाऱ्यांपेक्षा मोठी होती. कोणीतरी नारळ फोडला. ड्रायव्हरला मुंबईच्या विमानतळापर्यंतच जायचं होतं, पण हार त्याच्याही गळ्यात पडला.

माझ्या दादाचं मेहकरला कृषी केंद्र आहे. बियाणं आणि औषधं विकणाऱ्या कंपन्या दुकानदारांना विक्रीचं टार्गेट देतात आणि ते गाठलं की परदेशाची सहल. दादाने यंदा गाठलं. कंपनीकडून त्याचं आणि वहिनीचं तिकीट आलं. नऊ वर्षांची सई, चार वर्षांचा वेदू आणि मी, अशी तीन तिकिटं दादाने स्वतः काढली. मला नेलं ते मुलं सांभाळायला आणि इंग्रजी बोलायला. इंग्रजी शाळेत शिकलेली घरातली मी एकटीच. इटलीतले लोक इटालियन बोलतात, हे मी निघेपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

बसमध्ये जिल्ह्यातले सगळे दुकानदार सहकुटुंब होते. आमच्या पुढच्या सीटवर धामणगाव बढ्याचे वानखडे काका, मागे देऊळगाव राजाचे गफ्फारभाई आणि त्यांच्या पत्नी रेहानाभाभी. समृद्धी महामार्गाला लागेपर्यंत यंदाच्या कपाशीच्या बियाण्यावर भांडण सुरू झालं होतं. ते नंतर आल्प्स दिसले तेव्हा जरासं थांबलं.

या सहलीत आमच्या घराला आणखी एक काम होतं. मी जिथे सात वर्षं शिकले त्याच निवासी शाळेत जूनपासून सईला टाकायचं, असं दादाने ठरवलं होतं. शाळेने मुलाखतीऐवजी आता व्हिडिओ मागितला होता : मुलाने पाहिलेल्या एखाद्या ठिकाणाबद्दल इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचं.

"बाकीची पोरं लोणावळ्यावर बोलतीन," दादा म्हणाला. "आपली सई व्हेनिसवर बोलन."

मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आत्याले पाह्य. हॉस्टेलनं कशी शिस्तीची केली. एक शब्द जास्तीचा नाही."

मी शिस्तीत खिडकीबाहेर पाहिलं. सई माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तिथल्या पोरी रडतात का?"

"तिथलं मैदान खूप मोठं आहे," मी म्हणाले.

मैदानाबद्दल तिने पुढे काही विचारलं नाही.

मिलानला उतरल्यावर टूर मॅनेजर भेटली. तिचं नाव केतकी, राहणार पुणे. तिच्या हातात छत्री होती आणि ती छत्री वर दिसली की आम्ही निघायचं होतं. "तुमची भाषा किती गोड आहे हो," ती दर दोन तासांनी म्हणायची, ज्या आवाजात आपण वेदूला 'किती छान चित्र काढलंस' म्हणतो. मला बाजूला घेऊन ती म्हणाली, "तू त्यांच्यातली वाटत नाहीस." तिने ते कौतुक म्हणून सांगितलं. मी ते कौतुक म्हणून घेतलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी व्हेनिस. पाण्यातून वर आलेली गुलाबी, पिवळी घरं, दाराला बांधलेल्या होड्या, पुलांवर माणसांची रीघ. मी पुस्तकांत पाहिलं होतं त्याहून ते शहर जुनं आणि ओलं निघालं. आमचे लोक काठावर उभे राहून गंभीरपणे पाण्याकडे पाहत होते.

"येवढं पाणी," वानखडे काका म्हणाले, "अन् एक मोटर नाही लावली कोणी."

"खारं है," गफ्फारभाई म्हणाले. त्यांनी बोट बुडवून चाखलं होतं.

पहिला व्हिडिओ तिथेच घ्यायचा ठरलं. वहिनीने सईच्या वेण्या पुन्हा घातल्या, दादाने होड्या मागे येतील असं उभं केलं, मी फोन धरला. सई सुरू झाली, "हॅलो, माय नेम इज सई, अँड दिस इज व्हेनिस." मग तिची नजर एका दारावर गेली. पायऱ्या पाण्याखाली होत्या, शेवाळ कडीपर्यंत चढलं होतं.

"पप्पा, ह्या लोकायच्या घरात पाणी शिरून राह्यलं. पंचनामा केला का कोणी?"

सगळी बस हसली. बस म्हणजे बसमधली माणसं. तोवर आम्ही एकच प्राणी झालो होतो. दादा हसला नाही. "पुसून टाक तो," तो मला म्हणाला, "अन् पुन्हा घे." पुन्हा घेतला. चार वेळा घेतला. दर वेळी दोन वाक्यांनंतर सईला काहीतरी दिसायचं आणि ती आपल्या भाषेत जायची. फोनसमोर तिचं इंग्रजी मान खाली घालून उभं राहायचं, तिचं वऱ्हाडी मात्र खिडकीतून उडी मारून पळायचं.

पिसाला मनोऱ्यासमोर कंपनीचा बॅनर धरून फोटो काढायचा होता. तो सगळीकडेच काढायचा होता. बॅनर आठ माणसांच्या रुंदीचा असल्याने आमच्या फोटोंत इटली फार कमी आहे. पिसाचा मनोरा मात्र दिसतो, कारण तो बॅनरच्या वरून कलून पाहतोय.

"कॉलममध्येच खाल्लं ठेकेदारानं," वानखडे काकांनी निदान केलं. "आमच्या पंचायतीचं असंच आहे, पण ते पाहाले कोणी येत नाही."

फ्लॉरेन्सला संग्रहालयात उघड्या पुतळ्यांपुढे वहिनीने वेदूचे डोळे हाताने झाकले आणि स्वतः सावकाश पाहून घेतलं. तिथल्या मोठ्या चर्चच्या दारात उघड्या खांद्यांच्या मुलींना अडवत होते. रेहानाभाभी डोक्यावर ओढणी घेऊन सरळ आत गेल्या, परत आल्या आणि बॅगेतल्या दोन ओढण्या काढून दोन अनोळखी गोऱ्या मुलींच्या खांद्यावर टाकल्या. "जाव बेटा," त्या म्हणाल्या. मुली बाहेर येईपर्यंत भाभी पायरीवर बसून राहिल्या, आणि केतकीची छत्री पहिल्यांदा कोणासाठी तरी थांबली.

जेलातो (तिथलं घट्ट आइस्क्रीम) आम्ही दिवसातून दोनदा खाल्लं. बाकी जेवणाला कंपनीने सोबत स्वयंपाकी महाराज आणला होता. त्यामुळे इटलीत मी सहा दिवस बटाट्याची रस्सा भाजी आणि पोळी खाल्ली. खरं सांगायचं तर भाजी चांगली होती.

ही सहल कागदोपत्री 'अभ्यास दौरा' होती. म्हणून पाचव्या दिवशी सिएनाच्या अलीकडे एका शेतावर नेलं. टेकडीचा उतार, वर दगडी घर, द्राक्षाच्या रांगा, खाली भाजीचा तुकडा. बसमधून उतरताच आमच्या माणसांत जीव आला. पाच दिवस चर्चमध्ये जांभया देणारे लोक मातीत उकिडवे बसले आणि ढेकूळ फोडून वास घेऊ लागले. दादाही बसला. व्हिडिओसाठी कपाळावर आठी घेऊन हिंडणारा माणूस इथे कोणीतरी वेगळाच दिसत होता.

शेताची मालकीण सत्तरीची बाई होती, फुलाफुलांचा एप्रन आणि पायात रबरी बूट. तिला सगळे नोन्ना (आजी) म्हणत. इंग्रजी तिची मुलगी बोलायची आणि ती मुलगी गावात गेली होती. केतकीला इटालियन थोडं येत होतं, पण हॉटेल आणि रेल्वे स्टेशनपुरतं. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. माझ्या इंग्रजीत पिकावरच्या रोगांचा धडा कधी आला नव्हता, आणि आला असता तरी नोन्नाला त्याचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात सई फाव्यांच्या ताटव्यात शिरली. फावे म्हणजे आपल्या वालाच्या थोरल्या बहिणीसारख्या शेंगा. तिने एका झाडाचा शेंडा वाकवला आणि पान उलटं केलं. "आजी, मावा पडला नं."

कोवळ्या शेंड्यावर काळी कीड दाटून बसली होती. नोन्ना वाकली, पाहिलं आणि भडाभडा बोलू लागली. सईसुद्धा बोलू लागली. एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता आणि दोघींचं काही अडत नव्हतं.

इकडे दुकानदारांनी आपापलं औषध सांगायला सुरुवात केली. "फवारणीच्या पंपाले दहा मिली," वानखडे काका म्हणाले. "दहा कायले, पाँच बस है," गफ्फारभाई म्हणाले. दादाने तिसरंच नाव सांगितलं, तेही कंपनीचं, बॅनरकडे पाहत.

नोन्नाने काही ऐकलं नाही. तिने दोन बोटांच्या चिमटीने शेंडा तोडला, मुंग्या झटकल्या, पुढच्या झाडाचा तोडला. सई तिच्या मागे मागे खुडत निघाली.

"काका, आजी औषध नाही मारत," ती वळून म्हणाली. "शेंडे खुडून राह्यली. आपण हरभऱ्याचे खुडतो नं, तसे. मावा कोवळ्या शेंड्यावरच बसते. शेंडाच नाही राह्यला त बसन कुठं?"

एवढी सगळी कृषी केंद्रं एकमेकांकडे पाहू लागली. हा विचार पसरला तर पुढच्या वर्षी कोणीच इटलीला येणार नव्हतं.

"भाऊ, हिले लवकर हॉस्टेलले धाडा," वानखडे काका दादाला म्हणाले. "नाहीतर दुकान बंद पाडन तुमचं."

सगळे हसले. सई हसली नाही. तिने हातातले शेंडे खाली टाकले, हात फ्रॉकला पुसले आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी फोन बंद केला. चार मिनिटं मी सगळं टिपलं होतं, कोणी सांगितलं नसताना.

संध्याकाळी दादाने ते पाहिलं. "यात इंग्रजी कुठं आहे?" तो म्हणाला. "आता रोमच राह्यलं. तू लिहून दे अन् पाठ करून घे. तुलेच जमन."

मी लिहून दिलं. रोमपर्यंतच्या बसप्रवासात मी तिच्याकडून ते म्हणून घेतलं. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, हात बाजूला कसे ठेवायचे, नजर कुठे. मी फार चांगलं शिकवते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

कलोसियमसमोर, ऊन उतरताना, सई दोन मिनिटं बोलली. एक शब्द अडला नाही. शेजारून घोडागाडी गेली, तिने पाहिलं नाही. वेदू पडला आणि रडला, तिने पाहिलं नाही. शेवटचं वाक्य म्हणून ती मी सांगितलं होतं तितकी हसली. बस टाळ्या वाजवत राहिली; वहिनीचे डोळे भरून आले. टाळ्या संपेपर्यंत सई तशीच उभी होती. मग तिने विचारलं, "आत्या, झालं का?"

त्यानंतर ती बोललीच नाही. जेवताना गफ्फारभाईंनी विचारलं, "बेटा, आज चुप काहून?" तिने मान हलवली.

"शहाणी झाली आज," वहिनी कौतुकाने म्हणाली.

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. शाळेतून पहिल्या दिवाळीला घरी आले तेव्हा आईने शेजारणीला हेच सांगितलं होतं.

परतीच्या प्रवासात, मुंबईहून समृद्धीला लागल्यावर, दादा माझ्या शेजारी येऊन बसला. उन्हाने बाहेरचे डोंगर पांढरे पडले होते. बसमध्ये बहुतेक जण पेंगत होते, कपाशीचं भांडणसुद्धा शांत होतं.

"तो रोमचा व्हिडिओ पाठव. आजच भरून टाकतो फॉर्म."

मी फोन हातात घेतला आणि धरून बसले. बोलायचं असलं की माझं असंच होतं, पुण्याच्या केतकीशीही आणि स्वतःच्या भावाशीही.

"दादा, त्या शाळेत मराठी बोललं की गळ्यात पाटी टाकत," मी म्हणाले. "दुसरी कोणी सापडेपर्यंत घालून फिरायचं. पहिला महिना माझ्याच गळ्यात होती. मग मी बोलणंच सोडलं. इंग्रजी त्यानंतर आली."

दादा समोरच्या सीटच्या कव्हरकडे पाहत होता. "आता नसन तसं."

"नसेल."

"तू तवाच काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही सगळे म्हणत होते, किती शहाणी झाली."

त्याने हात पुढे केला. मी फोन दिला. त्याने रोमचा व्हिडिओ पूर्ण पाहिला. मग त्याच्या आधीचा लावला, शेतातला, आवाज बारीक करून. त्यात एका जागी त्याचाच आवाज येतो, औषधाचं नाव सांगणारा, आणि लगेच सईचा. तिथे त्याने व्हिडिओ मागे नेऊन दोनदा पाहिला. फोन परत दिला, उठला आणि जाऊन सईच्या शेजारी बसला. मेहकर येईपर्यंत तो तिथेच होता.

फॉर्मचं काय ठरलं ते मला कोणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तो भरायची शेवटची तारीख एका मंगळवारी होती. त्या मंगळवारी दादा दिवसभर खताचा ट्रक उतरवून घेत होता.

पेरणीच्या तोंडाशी दुकानात गर्दी असते. इटलीला जाऊन आलेल्या दुकानदाराकडे बियाणं जास्त उगवतं, असं लोकांना वाटत असावं. मी सईला जेवायला बोलवायला गेले तेव्हा ती काउंटरमागे स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाला व्हेनिसचा पंचनामा सांगत होती. समोरच्या बाकावर आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर चहा पीत होते.

"प्रवास चांगला झाला म्हणता," ते दादाला म्हणाले. "अन् पोरीच्या ॲडमिशनचं काय केलं?"

दादाने बिलबुकात मान घातली. "राहू दिलं. तिथलं पाणी चांगलं नाही म्हणे. लेकराले मानवत नाही." मग त्याला साक्षीदार हवा झाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही का गं?"

दुकानात सात-आठ माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली.

"हाव," मी म्हणाले, मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने. "लय खराब पाणी आहे. मी सात वर्षं पेलं."