ठकीचा तिसरा शब्द

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक सलून आहे, तिथे गिऱ्हाइकाला ‘बसा’ म्हणत नाहीत. ‘या, टेका’ म्हणतात. नवखा माणूस गोंधळतो आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहतो. जुन्या गिऱ्हाइकांचे यावरचे विनोद करून संपले. खुर्ची मोडकी आहे का, नुसतं टेकायचंच, असं एकाने विचारलं होतं. सलूनवाला हसला आणि त्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. खरं कारण त्याने कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर ठकीपासून सुरुवात करावी लागते, आणि ठकीबद्दल तो दुकानात बोलत नाही.

एरवी गडी बोलका. हात कात्रीवर आणि तोंड सगळ्या जगावर चालतं. डोकं तापट, पण हात हलका, म्हणून लोक त्याचं डोकं सहन करतात. कुणी मान हलवली की बोटाने ती सरळ करायची, ‘बस, झालंच’ म्हणायचं आणि पुढची दहा मिनिटं निवांत काढायची, ही त्याची तेव्हाची सवय. हे ‘बस, झालंच’ केस कापणाऱ्या बहुतेकांच्या तोंडात असतं. ते खरं नसतं हे मोठ्या माणसांना कळतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

ठकी त्याची मुलगी, एकुलती एक, वय आठ. मोठा आवाज, गर्दी आणि नको असताना झालेला स्पर्श तिला सोसत नाही. तिला तीन शब्द येत होते. ‘पा’ म्हणजे पाणी. ‘आई’ म्हणजे आई, आणि कधीकधी बापसुद्धा. त्याचं त्याला वाईट वाटायचं, पण तो ओ द्यायचा. तिसरा शब्द ‘बस’. तो सगळ्यांना कळतो असं घरात सगळेच धरून चालले होते. ठकीने ‘बस’ म्हटलं की तिची मावशी तिला उचलून खिडकीशी न्यायची आणि रस्त्यावरची लाल बस दाखवायची. बापाला वाटायचं, आपण तिला खुर्चीत बसवताना ‘बस, बस’ म्हणतो, तेच ती पोपटासारखं परत म्हणते. मुलगी ऐकते आपलं, याचं त्याला कौतुक होतं.

शाळेत कौतुक नव्हतं. शाळेत ठकी चावायची. वर्गात बेचाळीस मुलं आणि शिकवायला एकच बाई. त्या बाईंच्या मनगटावर दातांची खूण उमटली तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, सलूनवाल्याला बोलावून घेतलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण आता नाइलाज झालाय असं त्यांनी सरळ सांगितलं. अशा मुलांच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी पाच शनिवारांचं प्रशिक्षण निघालं होतं. वर्गाच्या बाई आणि घरचं एक माणूस, दोघांनी मिळून ते करायचं. त्यानंतरही फरक पडला नाही, तर ठकीचं नाव पटावर राहील, पण ती घरीच राहील.

ठकीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि शनिवारी तिला सुटी मिळत नसे. सलूनवाल्याचा तर शनिवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात घाईचा दिवस. त्याने दोन दिवस चिडचिड केली, आणि मग दुकानाच्या दारावर ‘शनिवारी दुपारनंतर’ अशी पाटी लावली. शनिवारी ठकी शाळेत न जाता मावशीकडे राहील असं ठरलं, कारण वर्गावर बदली बाई येणार होत्या.

प्रशिक्षण एका कचेरीच्या वरच्या मजल्यावर होतं. फलकावरचं नाव इतकं लांबलचक होतं की शेवटचे दोन शब्द बाजूच्या भिंतीवर वळले होते. खोलीत एकोणीस बायका आणि हा एकटा पुरुष. पहिल्या दिवशी त्याला चहा वाटायला आलेला माणूस समजून एकीने त्याच्याकडे कप मागितला. वर्गाच्या बाई त्याच्या शेजारी बसल्या, पण मध्ये एक खुर्ची सोडून. मनगटावरच्या खुणेवर त्यांनी घड्याळ बांधलं होतं. दोन शनिवार दोघं एकमेकांशी पेन मागण्यापुरतं बोलले.

शिकवणारी ताई किडकिडीत आणि हळू आवाजाची होती. मूल चावतं, मारतं, डोकं आपटतं, तेव्हा ते आपल्याला काहीतरी सांगत असतं, असं ती म्हणाली. सलूनवाल्याचं डोकं तापलं. तो उभा राहून म्हणाला की सांगत असेल तर आम्हीही ऐकूनच घेतोय, आणखी किती ऐकायचं ते सांगा. ताई मात्र चिडली नाही. तिने सगळ्यांना एकेक वही दिली. पानावर तीन रकाने पाडायचे: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. पंधरा दिवस नुसतं लिहायचं, दुरुस्त काही करायचं नाही. नुसतं लिहून मूल सुधारतं हे आज कळलं, असं तो जिना उतरताना मोठ्याने म्हणाला. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पण त्याने लिहिलं. वस्तरा धुवून हात पुसायचे आणि वहीत ओळ घालायची. बाईंनीही लिहिलं, मधल्या सुटीत, डबा बाजूला ठेवून. चौथ्या शनिवारी ताईने जोडीजोडीने वह्या बदलायला सांगितल्या. सलूनवाल्याने बाईंची वही उघडली. पहिल्याच पानावर होतं: ‘बाकावरून उठली. मी बसवलं. ती बस म्हणाली. मी म्हटलं, हो, बस. पुन्हा बस म्हणाली. मी खांदा धरून बसवलं. चावली.’ पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्यावरही बाक, घंटा, गोंगाट, आणि दोनदा ‘बस’.

त्याने मान वर केली. बाई त्याची वही वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरला होता. त्याच्या वहीत लिहिलं होतं: ‘केस कापायला घेतले. ती बस म्हणाली. मी बस, झालंच म्हटलं. आणखी बस म्हणाली. धरून कापले. रडली.’

"ही बसायचं म्हणत नाहीये," बाई म्हणाल्या. "ही पुरे म्हणतेय."

खोलीत कुणीतरी पंखा मोठा केला. सलूनवाला वहीकडे बघत राहिला. तो बोलला ते बाईंशी नव्हतंच.

"मी तिला धरून ठेवायचो," तो म्हणाला. "चार वर्षं. दर पंधरा दिवसांनी."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मधल्या खुर्चीवरची आपली पिशवी त्यांनी उचलून खाली ठेवली आणि त्या तिथे सरकल्या. वर्गात सहा महिने त्या मुलीने त्यांना विनवलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांनी तिला आणखी घट्ट बसवलं होतं, हे आता त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ओले हात तशीच धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, ताटात वाढताना मी तिला विचारते ना, बस का, आणि ती म्हणते बस, की मी हात थांबवते. त्याने विचारलं, मग मला कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे." ती ठपका ठेवत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं, आणि म्हणूनच त्याला ते जास्त लागलं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. ठकी ‘बस’ म्हणाली की बाई हात मागे घ्यायच्या, एक पाऊल मागे सरायच्या आणि तिला दारापर्यंत जाऊन येऊ द्यायच्या. पहिल्या दिवशी ठकी बाईंच्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली. ती त्या आठवड्यात एकदाही चावली नाही. बाईंनी सलूनवाल्याला निरोप धाडायला सुरुवात केली. एका ओळीची चिठ्ठी असायची, ती तो दिवसभर खिशात ठेवायचा. घरात आणि दुकानात त्याने ‘बस’ म्हणणं सोडलं. तो शब्द आता ठकीचा होता, बाकीच्यांनी टेकावं. बुधवारी त्याने तिचे केस कापायला घेतले. डावी बाजू झाली तेव्हा ती म्हणाली, "बस." त्याने कात्री ठेवली. केस एका बाजूला कानाच्या वर आणि दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत राहिले. केस कापणाऱ्याच्याच पोरीचं असं डोकं पाहून गल्लीत लोक हसले. त्याला पहिल्यांदाच हसणाऱ्यांचा राग आला नाही.

इथेच तो चुकला. सगळं जमलं असं त्याने धरलं. पाचव्या शनिवारी मावशी तापाने पडली होती. दुकान बंद ठेवता येत होतं, प्रशिक्षण चुकवता येत नव्हतं, कारण त्या दिवशी प्रमाणपत्रं मिळायची होती. तो बायकोला म्हणाला, जाऊ दे शाळेत, आता काय भीती आहे. बायकोच्या कपाळावर आठी आली, पण कामाची वेळ झाली होती. त्याने ठकीला फाटकातून आत सोडलं आणि तसाच प्रशिक्षणाला गेला. बाई तिथे आधीच पोचल्या होत्या. बदली बाईंना यांनी सांगितलं असेलच, असं त्याला वाटलं. ठकी शाळेत आहे हेच बाईंना माहीत नव्हतं. विचारायचं राहून गेलं आणि सांगायचंही राहून गेलं.

फोन आला तेव्हा त्याच्या हातात प्रमाणपत्र होतं. बदली बाईंनी ठकीला बसवलं होतं, तीनदा. ठकीने तीनदा सांगितलं होतं. यावेळी दात मनगटावर नव्हे, मध्ये पडलेल्या दुसऱ्या मुलीच्या गालावर उमटले होते. टाका पडला नाही, पण रक्त आलं.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं होते: मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, सलूनवाला आणि त्याचं बोट धरून उभी असलेली ठकी, अर्ध्या केसांची. बाहेर त्या दुसऱ्या मुलीचे आईवडील बाकावर बसले होते. आत येताना सलूनवाल्याने त्यांची माफी मागितली होती. त्यांनी तोंड फिरवलं होतं, आणि त्यांचं चुकलंही नव्हतं.

मोठ्या बाईंनी कागद वाचायला घेतला. शाळेने संधी दिली, प्रशिक्षणही पूर्ण झालं, तरीही, असं त्यावर होतं. घंटा झाली आणि व्हरांड्यात मुलांची झुंबड उडाली. ठकीचे खांदे वर गेले.

"बस," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांच्या आवाजात खरोखर माया होती.

"हो बाळ, बस की. ती खुर्ची आहे ना, बस तिच्यावर."

"बस," ठकी पुन्हा म्हणाली, आणि तिचा मोकळा हात तोंडाकडे जाऊ लागला. सलूनवाल्याला ओरडावंसं वाटलं. वर्गाच्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनी त्या कागदावर आपला हात ठेवला.

"ती थांबा म्हणतेय, मोठ्या बाई. जरा थांबू या."

मोठ्या बाई थांबल्या. वर्गाच्या बाईंनी दार लावून घेतलं. बाहेरचा गोंगाट कमी झाला. ठकीचा हात तोंडापाशी थबकला, मग हळूहळू खाली आला. मोठ्या बाई तिच्याकडे आणि मग आपल्या हातातल्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांनी विचारलं की हे आणखी कुणाकुणाला माहीत आहे. आम्हा दोघांना आणि तिच्या आईला, असं बाईंनी सांगितलं.

"शाळेत सतरा शिक्षक आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि बाहेर बसलेल्यांना मी काय सांगू?"

शेवटी ठरलं ते असं: ठकीने सकाळी दोन तास यावं, तेही वर्गाच्या बाई हजर असतील त्याच दिवशी. पुढचं प्रशिक्षण निघेल तेव्हा आणखी एका शिक्षकाला पाठवू. कधी निघेल ते मोठ्या बाईंनाही माहीत नव्हतं. सलूनवाल्याने खाली सही केली. घरी बसवण्यापेक्षा हे बरं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण चांगलं चाललेलं आपल्याच हाताने घालवलं, हे त्याला पक्कं माहीत होतं. बाईंची बदली झाली तर काय, हे त्याने विचारलं नाही आणि बाईंनीही काढलं नाही.

तेव्हापासून सकाळचे दोन तास सोडले तर ठकी सलूनमध्ये असते. कोपऱ्यात तिची वेगळी खुर्ची आहे, तिला वाटलं तर ती टेकते. त्या सोमवारी तिला शाळेतून आणल्यावर, उरलेली बाजू सारखी करावी म्हणून त्याने खण उघडला. उद्या वर्गात हसतील, एवढंच त्याच्या मनात होतं. कात्री बाहेर काढली, इतकंच. तिच्याजवळ तो गेलाही नव्हता.

"बस," ठकी भिंतीला चिकटून म्हणाली.

त्याने कात्री परत खणात ठेवली आणि खण लावला. उजव्या बाजूचे केस अजून तसेच आहेत.