विमानात ठेवलेला नारळ

घर सोडलं त्या सकाळी बाबांनी अंगणात माझ्या नावानं गाऱ्हाणं घातलं. हातात नारळ, तोंड समुद्राकडे. पोराला सुखरूप ने, सुखरूप आण, काही वाकडं झालं तर सरळ करून घे, असं ते देवाला सांगत होते आणि दर वाक्यामागे आम्ही घरचे "व्हय महाराजा" म्हणत होतो. मग नारळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "विमानात जवळ ठेव. परत आलास की इथंच फोडू."

बाबा किनाऱ्यावरच्या आमच्या काळबादेवी गावात मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या. गावातली बाकीची पोरं आखातात गेली, जहाजावर गेली. मी उडायला शिकायला गेलो तो अशा गावात, जिथं समुद्राचा वाससुद्धा नाही. तिथं दोन जातींची विमानं होती. एक चार जणांचं, नवं, पुढे टीव्हीसारखे पडदे. दुसरं दोघांचं, जुनं, घड्याळासारख्या काट्यांचं. मी अर्थातच नव्यापुढे उभा राहून फोटो काढले आणि घरी पाठवले. बाबांनी दोन्ही विमानं निरखून फोनवर निकाल दिला, "लहान घे. लहान होडी चूक लगेच दाखवते." आणि पुढे, "दोनच सीट ना? एक तुझी, एक माझी. पाण्यावरून जमीन पुष्कळ बघितली. एकदा वरून बघू."

ठरलं. लायसन्स हातात आलं की पहिला प्रवासी बाबा. आई सांगायची, त्यांनी त्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून कपाटात वेगळा ठेवलाय.

एकट्यानं उडायचा पहिला दिवस आला. शेजारची सीट रिकामी बघवेना म्हणून मी नारळ तिच्यावर ठेवून पट्टा बांधला. माणसाचा पट्टा नारळाला किती बसणार? उतरताना नाक खाली झालं, नारळ सुटला आणि गडगडत माझ्या उजव्या पायाच्या पेडलखाली जाऊन बसला. चाकं जमिनीला लागली, पण विमान सरळ ठेवायला पेडल दाबतोय तर ते हलेना. मी धावपट्टी सोडून गवतात, तिथून एका खड्ड्यात. चाक वाकलं. नारळाला साधा ओरखडा.

शिकवणारे सर धावत आले, त्यांनी वाकून तो बाहेर काढला. "हे काय आहे?"

"नारळ, सर."

अहवालात त्यांनी लिहिलं, विमानात सुटी वस्तू. माझं उड्डाण दोन महिने बंद.

घरी काय सांगणार? सांगितलं, इथं पाऊस लागलाय, सगळ्यांचीच उड्डाणं बंद आहेत. जानेवारीत. वारा हुंगून हवा सांगणाऱ्या माणसाला. बाबा म्हणाले, "असंल. नारळ जवळ आहे ना?" आहे, म्हटलं.

मार्चमध्ये जाळी वाळत घालताना बाबा तिथंच बसले ते उठले नाहीत. लायसन्स त्यानंतर एकोणीस दिवसांनी आलं. उड्डाणबंदीचे ते दोन महिने मी पुष्कळदा मोजून पाहिले. कसेही मोजले तरी बाबा त्यात बसतात.

आता मी तिथंच शिकवतो, त्याच दोन सीटच्या विमानात. शेजारी रोज कुणीतरी असतं. उडण्याआधी सीटखाली हात घालून बघतो. विद्यार्थी हसतात.

यंदा मे महिन्यात नारळ घेऊन घरी गेलो. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं. हलवला की खोबरं खुळखुळायचं. आई म्हणाली, आता तूच गाऱ्हाणं घाल. दिवसभर रेडिओवर इंग्रजी झाडणारा मी चार शब्दांत अडखळलो. मग जे सुचलं ते बोललो, "महाराजा, गेलो होतो, सुखरूप आलो. उशीर झाला. त्या जानेवारीत पाऊस नव्हता, महाराजा."

मागे आई एकटीच होती. "व्हय महाराजा," ती म्हणाली. आणि मग हळूच, मला, "ठाऊक होतं रे त्यांना."

नारळ फोडला. घर म्हटलं की मला आता तेवढं अंगण आठवतं, आणि फोनवरचं ते एक "असंल".