पुण्यातल्या दोन प्रयोगशाळा, आणि मी पेन का घेतलं नाही

बारावीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी पप्पांनी जाहीर करून टाकलं, "पुण्यात शिकायचं तर मुलींच्या कॉलेजात. हॉस्टेलचं गेट सातला बंद होतं तिथे." मी फिजिक्सबद्दल बोलत होते, पप्पा गेटबद्दल. मला हवं होतं मोठं सरकारी विद्यापीठ, पाच जिल्ह्यांतली पोरं, रात्री उशिरापर्यंत उघडी लायब्ररी. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी आईनेच तोडगा काढला: दोन्ही ठिकाणं प्रत्यक्ष बघायची आणि मग प्राजू ठरवेल. प्राजू म्हणजे मी. पप्पा म्हणाले, "बघा, बघा." तो सूर मला चांगलाच ओळखीचा आहे. मीही मनाशी ठरवलं, मुलींचं कॉलेज बघायचं ते फक्त नापास करायला.

तर ॲडमिशनआधी कॉलेज बघायला निघणाऱ्या मुलींनो, बार्शीहून सकाळची एसटी धरा आणि डावीकडची खिडकी पकडा, ऊन कमी लागतं. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईला सोबत न्यायला कोणी कां-कू करत नाही. वाटेत गाडी ढाब्यावर थांबते. भजी तेलकट असतात पण गरम असतात, खाऊन घ्या. स्वारगेटला उतरलात की रिक्षावाले घेरतात. थांबू नका, सरळ मेट्रोत जा, सिव्हिल कोर्टाला बदला आणि कोथरूडला उतरा. आम्ही तिथे मावशीकडे राहिलो. मावशी पुण्यात राहून पक्की पुणेकर झाली आहे. माझा बेत ऐकून म्हणाली, "मुलींचं कॉलेज? बरं बरं. प्रवेशाला भरतकामाचा नमुना न्यायचा असतो का?" मला हसू आलं, आणि आपलं मत मावशीशी जुळतंय म्हणून बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठ. काय सांगू! आत शिरल्यावर रस्ता संपतच नाही, दोन्ही बाजूंना झाडं, सायकलवरून जाणारी पोरं. कॅन्टीनमध्ये स्वस्त आणि झणझणीत मिसळ. शेजारच्या टेबलावर दोन मुली आणि तीन मुलगे कसल्याशा समीकरणावरून हमरीतुमरीवर आले होते. मी मिसळ विसरून ऐकत बसले. आईने कोपराने ढोसलं, "झालं ना तुझं? इथेच राहायचंय ना?" मी म्हटलं, "हो."

मग प्रयोगशाळा. नवीन मुलांसाठी त्या दिवशी खुली होती. एका टेबलाला चौघं, स्पेक्ट्रोमीटर समोर. प्रिझममधून फुटलेल्या रंगांच्या रेषा त्याच्या छोट्या दुर्बिणीत पकडायच्या आणि कोन मोजायचा. आमच्या टेबलावर दोन मुलगे, मी आणि नगरची एक मुलगी. मी हात पुढे करायच्या आत एकाने दुर्बिणीचा ताबा घेतला आणि हसतमुखाने पेन माझ्यापुढे धरलं. "तू रीडिंग लिही ना. तुझं अक्षर छान असेल."

अरे, तू पाहिलंयस कुठे माझं अक्षर? माझं अक्षर मलाच लागत नाही! पण डोक्यात सणक गेली ती वेगळ्याच कारणाने. अकरावी-बारावीची दोन वर्षं आमच्या ज्युनिअर कॉलेजात हेच झालं होतं. मुलगे यंत्र लावणार, मुली आकडे लिहिणार. कोणी जबरदस्ती करत नाही. फक्त पेन पुढे येतं आणि आपण ते घेतो.

"मी लावते, तू लिही," मी म्हटलं.

"चिल यार, घे ना," तो म्हणाला आणि खरंच बाजूला झाला. पोरगा वाईट नव्हता. मी रेषा पकडल्या, कोन घेतला, बरोबर आला. जिंकले म्हणायचं. पण मान वर करून पाहिलं तर प्रत्येक टेबलावर तेच, मुलगी वहीवर वाकलेली. नगरची मुलगी तर आमच्याही टेबलावर न सांगता लिहायला लागली होती. माझा सगळा आनंद पार मावळला.

तिसऱ्या दिवशी मेट्रोने कसब्यात. पुढे पायीच जा, गल्ल्यांत रिक्षा अडकते. तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज संपतो तिथून पुढच्या गल्लीत ते कॉलेज. इमारत एवढीशी, अंगणात एकच झाड, भिंतीवर रांगोळी स्पर्धेचा कागद. मी आईकडे बघितलं, म्हटलं बघ, मावशी खोटं बोलत नव्हती. वरून फी विद्यापीठापेक्षा जास्त.

प्रयोगशाळेत एक मुलगी टेबलाखाली आडवी पडून वायर जोडत होती. वर उभ्या मॅडम म्हणत होत्या, "जाळलंस ना? मग दुरुस्तही तूच करायचंस. पैशाचं झाड अंगणात लावलंय, पण अजून मोहर धरलेला नाही." मग आमच्याकडे वळून, "आपण नुसतं बघायला आलात की काही करणार आहात?"

मी सरळ विचारलं, "इथे रीडिंग कोण लिहितं?"

टेबलाखालून आवाज आला, "जी घेते ती. दुसरं कोण लिहिणार?"

दोघींना एक स्पेक्ट्रोमीटर होता. जुना, एक स्क्रू दोऱ्याने बांधलेला. मॅडमनी दुर्बीण आईकडे वळवली, "या, तुम्हीही बघा." आई एकदम मागे सरली आणि पर्समध्ये पेन शोधायला लागली. "नको नको, तू कर प्राजू, मी लिहिते." माझी आई बी.एस्सी. आहे. फिजिक्सच घेऊन, फर्स्ट क्लास.

परतीच्या एसटीत मी ठरवलं. विद्यापीठात मी रोज हात पुढे करून यंत्र मिळवलं असतं, शंकाच नाही. पण मला रोज भांडण जिंकायचं नाहीये, मला फिजिक्स करायचंय. कोणाला हा पळपुटेपणा वाटत असेल तर खुशाल वाटो. आणि हो, ती लायब्ररी, ती कॅन्टीनमधली वादावादी आठवली की जीव जळतो. छोट्या कॉलेजात ते नाही. सातचं गेट मात्र आहे, आणि त्यावर मी पहिल्याच महिन्यात अर्ज ठोकणार आहे.

घरी पोचलो. पप्पांनी कॉलेजचं नाव ऐकलं आणि खूश! "शेवटी मी म्हणत होतो तेच झालं ना?"

"नाही पप्पा. तुमच्या गेटसाठी नाही जात मी."

"कारण काही का असेना."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "असेना कसं? तीन वर्षं मी प्रॅक्टिकलला फक्त आकडे लिहिले. एकदाही मला यंत्राला हात लावायला मिळालं नाही आणि मीही मागितलं नाही. परवा त्या बाईंनी दुर्बीण दिली तर मला घाम फुटला. फर्स्ट क्लास आहे हो माझा. कशातला, ते विचारा!"

पप्पा आईकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं, पण मीही कुठे विचारलं होतं?

मग सोलापूरहून काकांचा फोन आला. पप्पा म्हणाले, "हो, मुलींचंच कॉलेज. नाही नाही, गेटबिटसाठी नाही." जरा अडखळले. मग फोन आईपुढे धरला. "हिच्याकडून ऐक."

आईने हात पुसले आणि फोन घेतला. काका मध्येच काहीतरी बोलायला लागले असावेत, कारण आई म्हणाली, "थांबा भाऊजी, आधी माझं होऊ दे."