लाभुबेनचा हिंचको

अहमदाबादच्या त्या भल्यामोठ्या बागेत लाभुबेन मणियारना काय नको होतं, हे विचारू नये. सांगता सांगता दुपार व्हायची. काय हवं होतं ते विचारावं. त्यांना झोपाळा हवा होता. बस्स, दुसरं काही नाही.

झोपाळा म्हणजे गोंडलच्या घरातला त्यांचा हिंचको. सागाची रुंद फळी, पितळी कड्या, कड्यांवर पितळेचेच मोर. लग्न होऊन आल्यापासून जेवण उरकलं की लाभुबेन त्यावर बसायच्या, पायाच्या अंगठ्यानं जमिनीला टोचा द्यायच्या आणि सुपारी कातरत अख्ख्या गल्लीची अब्रू काढायच्या. पाय स्थिर असला की आपलं डोकं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. शेजारी यजमान छबीलदास. बांगड्यांचं दुकान बंद करून आले की तेही फळीवर बसत आणि "हं... हं" करत. सगळा संसार त्या फळीवर झाला. मुलगा निमेषसुद्धा त्याच फळीवर... म्हणजे झोके देऊन वाढवला, भलतं मनात आणू नका.

त्याच निमेषनं म्हाताऱ्यांना अहमदाबादला नवव्या मजल्यावर आणून ठेवलं. छताला कडी ठोकायची नाही, असा सोसायटीचा नियम. हिंचको चादरीत गुंडाळून पलंगाखाली गेला आणि लाभुबेनचा जेवणानंतरचा जीव टांगणीला लागला.

"बा, चिडचिड करण्यापेक्षा समोरच्या बागेत जा ना," निमेष आईला म्हणाला. "काय नाही तिथे! मन रमेल."

मन रमवायची सोय होती खरी, पण ती अंगावर येणारी. लाभुबेन बाकावर टेकतात न टेकतात, तोच हास्य मंडळाचे अंबुभाई शेलत समोर उभे. निवृत्त शाळामास्तर. दोन्ही हात आभाळात.

"बा, हसा! हा हा हा!"

"कशाबद्दल?"

"कारण नसताना हसायचं, बा. तब्येतीला चांगलं."

"कारण नसताना हसणाऱ्यांना आमच्या गोंडलमध्ये खोलीत कोंडतात," लाभुबेन म्हणाल्या आणि उठल्या.

पुढे खड्यांची वाट. अनवाणी चालायचं, म्हणजे म्हणे रक्त फिरतं. चार पावलांत लाभुबेनना बालपणी अनवाणी चालून फेडलेला देवीचा नवस आठवला. मग कसरतीची यंत्रं. एकावर चढून पाय मागेपुढे करायचे, पण जागचं हलायचं नाही. "चालायचं आणि पोचायचं कुठेच नाही. याला करमणूक म्हणतात?" त्यांनी छबीलदासना विचारलं. छबीलदास "हं" म्हणाले. तळ्यात बदकाच्या तोंडाच्या होड्या होत्या, त्यांचे पायडल आपणच मारायचे. मग होडीवाला काय करतो, असं त्यांनी त्याच्या तोंडावर विचारलं.

आणि शेवटी, कडुलिंबाच्या झाडाखाली, झोपाळे! एक, दोन, चार! लाभुबेनचे डोळे ओले झाले. पदर खोचून त्या पहिल्यावर बसल्या आणि अंगठा जमिनीला लावला, तोच शिट्टी.

"बा, उतरा." रखवालदार भेमाभाई धावत आला. "पाटी वाचा. मुलांसाठी आहे."

"मी काय कुणाची मुलगी नाही?"

"अहो बा, साहेब मला रागावतील."

"त्याला पाठव माझ्याकडे. त्याच्या आईनं त्याला कशावर झोपवलं, ते विचारते."

पण उतरावं लागलं. भेमाभाईची शिट्टी रोजचीच झाली. ती ऐकली की बागेतली माणसं म्हणायची, "लाभुबा आल्या वाटतं."

अशाच एका वैतागलेल्या सकाळी त्या एका बाकाच्या पाठीवर रेलल्या आणि तिथली अक्षरं त्यांच्या पाठीला टोचली. स्वर्गस्थ अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ. पलीकडच्या बाकावर स्वर्गस्थ दुसरेच. बागेतली निम्मी बाकडी अशी गेलेल्यांच्या नावानं उभी. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं एक बाक मागे राहतंच.

"मेलेल्यांची बाकडी चालतात," लाभुबेन अंबुभाईंना म्हणाल्या, "मग माझा जिवंत हिंचको का नाही चालणार? तुम्ही बागेच्या मंडळात आहात ना? का तिथेही नुसतं हसताच?"

अंबुभाई खरंच हसले, या वेळी कारण असताना, आणि कामाला लागले. लोखंडी खांब उभे राहिले. पलंगाखालचा हिंचको बागेत आला. देणगीवर नाव घालायची रीत, म्हणून लाभुबेननी यजमानांचं नाव पाठवलं. बायकोनं स्वतःचं नाव कसं पुढे करायचं?

नारळ फुटला. अंबुभाईंनी पाटीवरचं फडकं ओढलं. टाळ्या सुरू होऊन मध्येच थांबल्या.

'स्वर्गस्थ छबीलदास मणियार यांच्या स्मरणार्थ.'

स्वर्गस्थ छबीलदास हातात पेढ्यांचा डबा धरून शेजारीच उभे होते.

पाटी कोरणाऱ्याला धरून आणलं. तो उलट तडकला. "बाक-पाटीवर जिवंत माणसाचं नाव कधी कुणी देतं का? मला वाटलं, दुःखात 'स्वर्गस्थ' लिहायचं विसरलात. मी आपलेपणानं घातलं!"

"नवी पाटी करून आणतो," अंबुभाई म्हणाले. "तोवर बसा, बा."

बसतात कुठे! पाटी राहिली बाजूला, पण हिंचक्यावर अशी झुंबड उडाली की विचारू नका. नवपरिणीत जोडपी फोटो काढायला बसली. गाठियांचे पुडे तिथेच सुटू लागले. हास्य मंडळ हसून दमलं की तिथेच विसावे. लाभुबेन स्वतःच्या झोपाळ्यापुढे ताटकळत उभ्या.

"बेन, जरा सरका ना," एकदा त्या हंसागौरी नावाच्या जाडजूड बाईला म्हणाल्या.

"आत्ताच बसले हो. पुण्यवान माणूस असणार, नाही? गेल्यावरही लोकांना झोके देतोय बिचारा."

"ते बिचारे तुमच्या मागे उभे आहेत."

हंसागौरीनं मागे पाहिलं. छबीलदासनी हात जोडले. "जय श्रीकृष्ण."

बाई किंचाळून अशी उठली की गाठिये गवतात सांडले. त्या दिवशी तिथे परत आली नाही. लाभुबेन रिकाम्या फळीवर बसल्या, अंगठा टेकवला, कड्या कुरकुरल्या. आणि पाय हलला तसं डोकं चालू लागलं.

आता पुढची गोष्ट बागेत कुणी पसरवली, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, गोंडलमध्ये कुठलीही बातमी कुठल्या फळीवरून सुटायची, ते गोंडलकरांना ठाऊक आहे. बातमी अशी: पाटीवर नाव लागलं, पण माणूस अजून इथेच, म्हणजे वर हिशेब चुकलाय. यमदूत शोधत येणार तो पाटी वाचून येणार. आणि तो काय तोंड ओळखतो? त्या वेळी फळीवर जो बसला असेल, त्याला उचलणार.

खड्यांची वाट संपायच्या आत बातमी तळ्यापर्यंत पोचली. हास्य मंडळ दुसऱ्या झाडाखाली गेलं. जोडप्यांनी फोटोसाठी गुलाबांचा ताटवा धरला. भेमाभाई तर हिंचक्याला वळसा घालून जाऊ लागला.

अंबुभाई नवी पाटी घेऊन आले. नुसतं 'छबीलदास मणियार', सुंदर कोरलेलं. लाभुबेन सुपारी कातरत झुलत होत्या.

"परत न्या."

"अहो बा, यजमान जिवंत आहेत तुमचे!"

"ते मला माहीत आहे. पण पाटी बदलली की लोक परत फळीवर येऊन बसतील ना?"

शेजारी छबीलदास अस्वस्थ. उभ्या जन्मात पहिल्यांदाच बायकोशी "हं" सोडून बोलले. "अगं, पण तो खरंच आला आणि मला उचललं तर?"

लाभुबेननी अंगठ्यानं जमिनीला जोरात टोचा दिला.

"मी शेजारी बसलेय ना? येऊ दे. कोण उचलतो ते बघते!"