आजी आत जाईनात

क्योतोच्या जुन्या बाजारपेठेत एका दुकानदार आजींकडून लाकडी फणी घेतली. निघाले, तर आजी मला पोचवायला रस्त्यावर आल्या आणि कमरेत वाकल्या. वीस पावलांवर मागे पाहिलं, तर पुन्हा वाकल्या. आमची आईही अशीच, पाहुणा दिसेनासा होईपर्यंत फाटकातून हलायची नाही.

"आजी, जा हो आत, गुडघे दुखतील!" मी चक्क मराठीत ओरडले. त्या हसल्या आणि वाकल्या.

निरोप देणाऱ्याची सुटका जाणाऱ्याच्याच हातात असते. म्हणून दिसली त्या गल्लीत वळले. गल्ली पुढे बंद निघाली. ओशाळून परत आले, तर आजी तिथेच उभ्या. मला परत यावंच लागणार, हे त्यांना ठाऊक होतं.