मेहरूणवरचे थांबे

लग्न होऊन शिंदखेड्याला आले तेव्हापासून मी नवऱ्याची पाठच जास्त पाहिली. बाजाराला निघालो की ते चार पावलं पुढे, मी पिशवी सांभाळत मागे. आमच्याकडे बायकोच्या बरोबरीनं चालणारा म्हणजे तिच्या ताटाखालचं मांजर. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही जळगावला राहायला आलो आणि मेहरूण तलावावर सकाळी ते माझ्यासाठी थांबू लागले, तेव्हा आधी मला संशय आला. मग फार आवडलं.

पन्नास-साठ पावलं झाली की थांबायचे. "देख, बगळा देख," म्हणायचे. पुढे कुणी जाळं टाकताना दिसायचा, त्यानंतर कुणाच्या तरी कुत्र्याची चौकशी. ज्या माणसानं रस्त्यात 'लवकर चाल' याखेरीज शब्द काढला नाही, तो मला बगळे दाखवत होता! मी फिरायला चांगली साडी नेसून जायला लागले. सांगायला लाज वाटते, पण जायचे.

मग त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम महिना झाला तरी भरेना. डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली आणि विचारलं, "चालताना पोटरी दुखते? किती चाललं की थांबावं लागतं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं, तर खाली बघत होते.

"पन्नास-साठ पावलं," मीच म्हणाले.

"कधीपासून?"

"दिवाळीला दोन वर्षं होतील."

पायाच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायचं ठरलं. आधी मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं, मग घड्याळ आणि चांदीचा करदोडा काढायला लावला, हाताच्या शिरेतून औषध सोडलं. बाहेर बाकावर मला यंत्राचा खडखडाट ऐकू येत होता. त्यांचा पाय वाचू दे, एवढंच मागायला हवं होतं. मी मात्र एकेक थांबा आठवत बसले आणि रडले.

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या वाहिन्या. डाव्या पायातली सरळ घोट्यापर्यंत गेलेली, उजव्या पायातली मांडीतच संपलेली. वीतभर काहीच नाही, मग गुडघ्याखाली पुन्हा बारीकशी रेघ. "रक्त आडवाटेनं कसंबसं पोचतंय," ते म्हणाले. "थांबलं की कळ जाते, म्हणून थांबतात."

घरी आल्यावर मी भडकलेच. "सांगाले काय व्हयनं व्हतं तुमले?"

"तू घाबरी जाती."

"आनि बगळा?"

"तो तं व्हताच ना," ते म्हणाले.

मांडीतली वाहिनी फुग्यानं उघडून जाळी बसवली. जखम भरली, पाय राहिला. मी देवाला नारळ फोडला, तो अगदी मनापासून. रोज चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि यांनी ते शब्दशः घेतलं. आता पुन्हा ती पाठ. "हळू चाला ना," म्हटलं तर म्हणतात, "डॉक्टरनी चालाले सांगेल शे."

त्यांचा पाय ठणठणीत राहावा असं मला वाटतं. त्यांनी थांबावं असंही वाटतं. इतकं वाटतं, की परवा मी एकटीच वाटेत उभी राहिले. ते वळणापलीकडे गेलेले. फिरायला आलेली एक अनोळखी बाई जवळ आली.

"अक्का, पाय दुखस का?"

मी हो म्हणाले.